एका वेळी एक बोट: जपानमधील बोटे धरण्याची आणि हात चोळण्याची पद्धत

डाव्या हाताचा अंगठा उजव्या हाताच्या मुठीत अलगद धरायचा, श्वास जसा येईल तसा येऊ द्यायचा आणि दोन-तीन मिनिटांनी अंगठा सोडून तर्जनी धरायची. मग मधले बोट, अनामिका आणि करंगळी. पाचही बोटे झाली की हात बदलायचा. दाबायचे नाही, चोळायचे नाही, ओढायचे नाही. जपानमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आकाराला आलेल्या ‘जिन शिन जुत्सु’ या पद्धतीतील, ज्याचे त्याने स्वतःसाठी करायचा सर्वांत सोपा भाग एवढाच आहे. तो शिकायला पाच मिनिटे पुरतात. त्याच्याभोवती गुंफलेले दावे समजून घ्यायला मात्र बराच अधिक वेळ लागतो, आणि तो वेळ द्यायला हवा असे मला वाटते. कारण मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रांमध्ये ही पद्धत ‘हजारो वर्षांची जपानी विद्या’ म्हणून येते आणि अमुक बोट धरले की तमुक अवयव बरा होतो, अशी हमीही सोबत येते. मी स्वतः ही पद्धत गेली काही वर्षे वापरतो आणि ती मला मनापासून प्रिय आहे. म्हणूनच तिच्याविषयी जेवढे खरे तेवढेच सांगितले जावे, अशी माझी इच्छा आहे.

या पद्धतीचे जनक जिरो मुराई यांचा जन्म 1886 मध्ये जपानच्या इशिकावा प्रांतात, वैद्यकीचा व्यवसाय करणाऱ्या घराण्यात झाला. त्यांच्या शिष्यपरंपरेत सांगितली जाणारी हकिकत अशी आहे. ऐन तारुण्यात, विशीच्या उत्तरार्धाकडे झुकत असताना, ते असाध्य मानल्या गेलेल्या आजाराने खंगले. वैद्यांनी हात टेकल्यावर त्यांनी घरच्यांना विनंती केली की, मला डोंगरातल्या आपल्या झोपडीत नेऊन ठेवा आणि आठव्या दिवशी न्यायला या. तेथे त्यांनी उपवास केला, ध्यान केले आणि हातांच्या निरनिराळ्या मुद्रा धरून पाहिल्या. शरीर आधी गार पडत गेले, मग आतून आग उसळावी तसा दाह झाला, आणि तो ओसरला तेव्हा ते आपल्या पायांवर उभे राहू शकत होते. ही कथा त्यांच्या शिष्यांनी श्रद्धेने जपलेली आहे आणि ती त्याच नात्याने वाचावी. वैद्यकीय नोंद म्हणून तिचा आधार घेता येणार नाही. त्यानंतरचे सारे आयुष्य मुराईंनी हा अनुभव उलगडण्यात घालवले. इ.स. 712 मध्ये सिद्ध झालेल्या ‘कोजिकी’ या जपानच्या सर्वांत जुन्या उपलब्ध ग्रंथाचे, म्हणजे देवतांच्या आणि सम्राटांच्या आख्यानांच्या संग्रहाचे, त्यांनी या दृष्टीने वाचन केले आणि चिनी वैद्यकातील नाडीपरीक्षा, शरीरातील प्रवाह आणि बिंदू यांची आपल्या पद्धतीने मांडणी केली. 1960 मध्ये त्यांचे निधन झाले.

ही पद्धत जपानबाहेर गेली ती मेरी बर्माइस्टर यांच्यामुळे. 1918 मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे जपानी आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या बर्माइस्टर दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये राहत असताना मुराईंच्या सहवासात आल्या आणि त्यांच्या शिष्या झाल्या. 1950 च्या दशकात त्या अमेरिकेत परतल्या, पुढे अ‍ॅरिझोना राज्यातील स्कॉट्सडेल येथून त्यांनी शिकवण्याचे काम केले, आणि मुराईंची गुंतागुंतीची मांडणी सामान्य माणसाच्या हाती देता येईल अशा सोप्या रूपात आणली. शरीराच्या प्रत्येक बाजूला असलेले 26 बिंदू आणि प्रत्येक बोटाला जोडलेली एकेक मनोवृत्ती ही मांडणी आज आपल्याला जशी भेटते, तशी ती बव्हंशी त्यांच्याच शिकवण्यातून आलेली आहे. त्यामुळे एक चमत्कारिक स्थिती निर्माण झाली आहे: जपानमधल्या माणसाला ‘शियात्सू’ (बोटांनी दाब देण्याची मर्दनपद्धत) हा शब्द ठाऊक असतोच, पण ‘जिन शिन जुत्सु’ विचारले तर तो बहुधा आपल्याइतकाच अनभिज्ञ असतो. ‘पारंपरिक जपानी’ हे विशेषण या पद्धतीला लावायचे असेल तर ते एवढी जाण ठेवून लावावे.

आता त्या बोटांच्या नकाशाकडे येऊ. या पद्धतीत अंगठा चिंतेचा मानला जातो आणि तो जठर व प्लीहेशी जोडलेला आहे. तर्जनी भीतीची, मूत्रपिंड व मूत्राशयाची. मधले बोट रागाचे, यकृत व पित्ताशयाचे. अनामिका दुःखाची, फुप्फुस व मोठ्या आतड्याची. आणि करंगळी हृदय व लहान आतड्याची. करंगळीला जोडलेली मनोवृत्ती मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते: आव आणणे, किंवा जमत नसतानाही ओढूनताणून करत राहणे. तळहाताचा मध्य या सगळ्यांच्या पलीकडचा, खचून गेल्याच्या अवस्थेचा मानला जातो. चिनी वैद्यकाशी परिचय असणाऱ्याला हे जोडे ओळखीचे वाटतील, कारण काळजी व प्लीहा, भीती व मूत्रपिंड, राग व यकृत, शोक व फुप्फुस ही सांगड चीनच्या पंचतत्त्वांच्या जुन्या सिद्धांतातील आहे. म्हणजे भावना आणि अवयव यांचे नाते जुने आहे. ते या विशिष्ट बोटांवर बसवणे हे मुराईंच्या परंपरेचे काम आहे.

हा फरक बारीक वाटेल, पण सगळा प्रश्न तेथेच आहे. चिनी सुईवैद्यकात फुप्फुसाचा मार्ग अंगठ्याच्या टोकाशी संपतो आणि मोठ्या आतड्याचा मार्ग तर्जनीच्या टोकापासून सुरू होतो. जिन शिन जुत्सुमध्ये मात्र हेच दोन्ही अवयव अनामिकेकडे आहेत. जपानच्या शिंगोन बौद्ध पंथात बोटे पंचमहाभूतांची मानली जातात: करंगळी पृथ्वी, अनामिका जल, मधले बोट अग्नी, तर्जनी वायू आणि अंगठा आकाश. आपल्याकडे योगवर्गांत शिकवली जाणारी मुद्राविद्या तीच पाच महाभूते त्याच पाच बोटांवर ठेवते, पण तेथे अंगठा अग्नी होतो, मधले बोट आकाश, अनामिका पृथ्वी आणि करंगळी जल. दोन्ही परंपरांचे एकमत होते ते केवळ तर्जनी वायूची या एकाच गोष्टीवर. एकच हात, आणि त्यावर परस्परांशी न जुळणारे चार नकाशे. बोटात अवयवाची कळ खरोखरच बसवलेली असती, तर हात इतक्या बारकाईने न्याहाळणाऱ्या या चार परंपरांना ती एकाच जागी सापडली असती. तरीही या चारही परंपरांत हात धरून बसलेल्या माणसाला शांत वाटते, याची साक्ष मिळते. माझे म्हणणे एवढेच आहे की शांत वाटणे खरे आहे आणि नकाशा ही त्या शांततेकडे जाताना मनाला दिलेली एक सोबत आहे. चिंता अंगठ्यात राहत नाही. पण ‘आता मी माझ्या चिंतेजवळ बसलो आहे’ असे स्वतःशी कबूल करण्यासाठी अंगठ्याची जागा सोयीची ठरते.

मुराईंची मांडणी विसाव्या शतकातली असली तरी हात आणि बोटे यांच्याकडे पाहण्याची जपानची दृष्टी खरोखरच फार जुनी आहे, आणि ती पाहिली की ही पद्धत तेथेच का रुजली असावी हे उमगते. नारा शहराच्या पूर्वेला डोंगरांत एन्जो-जी नावाचे देऊळ आहे. तेथे उन्केई या थोर शिल्पकाराने घडवलेली दाइनिची न्योराई, म्हणजे महावैरोचन बुद्धाची, लाकडी मूर्ती आहे. 1176 मधील ही मूर्ती त्याची ज्ञात असलेली सर्वांत पहिली कृती मानली जाते. मांडी घालून बसलेल्या तरुण बुद्धाने दोन्ही हात छातीसमोर आणले आहेत. डाव्या मुठीतून तर्जनी सरळ वर आली आहे आणि उजव्या हाताने ती मुठीत धरलेली आहे. या मुद्रेला जपानीत ‘चिकेन-इन’ म्हणतात. तिचा अर्थ तत्त्वज्ञानाचा आहे, आरोग्याचा नाही: खालचा हात सजीवांच्या जगाचा, वरचा बुद्धाच्या ज्ञानाचा, आणि दोहोंचे अभिन्नत्व. पण पाहणाऱ्याला आधी दिसते ते एवढेच की कोणीतरी स्वतःचे बोट धरून अत्यंत स्थिरपणे बसले आहे. मुराईंनी मुद्रांचा आधार घेतला असे शिष्य सांगतात, तेव्हा ही प्रतिमा माझ्या डोळ्यांसमोर येते. मुद्रेसाठीचा ‘इन’ हा जपानी शब्द शिक्क्यासाठीही वापरला जातो. आपल्या ‘मुद्रा’ शब्दातही हातांची ठेवण आणि राजमुद्रेतला शिक्का असे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, कारण ही कल्पना भारतातूनच चीनमार्गे, नवव्या शतकाच्या आरंभी कूकाई या भिक्षूने चीनहून परतताना आणलेल्या शिंगोन परंपरेबरोबर, तिकडे दृढ झाली. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील बुद्धमूर्ती धर्मचक्रमुद्रेत आहे. तेथेही दोन हातांची बोटे एकमेकांपाशी आलेली आहेत.

रोजच्या जगण्यातही हे दिसते. जपानीत अंगठ्याला ‘ओया-युबी’, म्हणजे आईबापाचे बोट म्हणतात, आणि रस्त्याने शववाहिका जाताना दिसली की मुले आपले अंगठे मुठीत लपवतात, म्हणजे आईवडील सुरक्षित राहतात असा समज आहे. अनामिकेला ‘कुसुरी-युबी’, औषधाचे बोट म्हणतात, कारण औषध कालवायला आणि लावायला ते वापरले जाई; आपण गंध लावायला तेच बोट वापरतो. चारचौघांत बोलायला उठण्यापूर्वी पोटात गोळा आला, तर तळहातावर बोटाने ‘माणूस’ या अर्थाचे अक्षर तीनदा गिरवायचे आणि ते गिळल्यासारखे करायचे, हा उपाय जपानमध्ये लहानथोर सर्वांना ठाऊक असतो. आणि जखमेवर किंवा दुखण्यावर करायच्या उपचाराला जपानी भाषेत ‘तेआते’ म्हणतात, ज्याचा शब्दशः अर्थ हात ठेवणे असा होतो. आपण एखाद्या डॉक्टरांना हातगुण चांगला आहे म्हणतो, त्या शब्दाच्या अगदी जवळचा हा शब्द आहे.

हात चोळण्याची आणि दाबण्याची परंपरा मात्र वेगळ्या वाटेने आली आणि तिचा इतिहास पक्का नोंदलेला आहे. ‘आन्मा’ हे मर्दनशास्त्र चीनमधून जपानमध्ये पोहोचले आणि आठव्या शतकाच्या आरंभीच्या कायदेसंहितेत आन्मा शिकवणाऱ्यांच्या व करणाऱ्यांच्या पदांची तरतूद होती. पुढे एदो काळात (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात) सुगियामा वाइची या दृष्टिहीन वैद्याच्या कामामुळे दृष्टिहीनांना सुईवैद्यक व आन्मा शिकवणाऱ्या शाळा उभ्या राहिल्या, आणि हा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर त्यांच्या हाती आला. संध्याकाळी गल्लीतून लहानशी शिटी वाजवत जाणारा दृष्टिहीन मर्दनकार हे त्या काळाचे ओळखीचे दृश्य होते. विसाव्या शतकात तोकुजिरो नामिकोशी यांनी यातून दाबावर भर देणारी ‘शियात्सू’ पद्धत घडवली. ‘शि’ म्हणजे बोट आणि ‘आत्सु’ म्हणजे दाब. त्यांचे कुटुंब शिकोकू बेटावरून उत्तरेच्या थंड होक्काइदोमध्ये गेल्यावर आईच्या सांध्यांची दुखणी सुरू झाली. औषधपाणी जवळपास नव्हते, आणि लहानग्या तोकुजिरोने आईचे अंग चोळता चोळता आणि दाबता दाबता कोठे काय बरे वाटते हे शोधले. 1940 मध्ये त्यांनी तोक्योत शाळा काढली. आज जपानमध्ये आन्मा, मालिश आणि शियात्सू करण्यासाठी 1947 च्या कायद्यानुसार परवाना लागतो, आणि त्यासाठी किमान तीन वर्षांचे शिक्षण व राष्ट्रीय परीक्षा आवश्यक आहे. त्या कायद्यात जिन शिन जुत्सुचे नाव नाही.

मग बोट धरल्याने शरीरात घडते तरी काय? पहिली गोष्ट जागेची. एका हाताच्या तळव्याच्या बाजूला, बोटे धरून, स्पर्श टिपणारे सुमारे 17,000 मज्जातंतू असतात. कॅनडातील मेंदूशल्यचिकित्सक वाइल्डर पेनफिल्ड यांनी 1930 च्या दशकात जाग्या रुग्णांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करताना कोणत्या जागेला सौम्य विद्युतप्रवाह दिला की शरीरात कोठे जाणवते याचा नकाशा मांडला, तेव्हा हाताने, त्यातही बोटांनी आणि ओठांनी व्यापलेली जागा पाठ किंवा मांडीच्या तुलनेत कितीतरी मोठी असल्याचे दिसले. डोक्यात विचारांचा कल्लोळ असताना लक्ष कोठे न्यावे असा प्रश्न असेल, तर बोट हे सोयीचे उत्तर आहे, कारण तेथून येणारी खबर ठळक असते. शिवाय स्वतःचे बोट धरताना धरणाराही आपणच आणि धरला जाणाराही आपणच असतो. दोन्ही हातांची संवेदना एकाच वेळी येते, आणि मन दोन्हीकडे पाहत राहिले की आपोआप तेथे थांबते.

दुसरी गोष्ट उबेची, आणि मला ती सर्वांत पटणारी वाटते. घाबरले की हात गार पडतात हे आपण सगळ्यांनी अनुभवलेले आहे. बोटांच्या त्वचेत रक्त वळवून घेणाऱ्या असंख्य सूक्ष्म जोडवाहिन्या असतात. ताणाच्या प्रसंगी मज्जासंस्था त्या आवळते आणि रक्त आत, स्नायूंकडे व मुख्य अवयवांकडे जाते. मन निवळले की त्या सैल होतात आणि बोटे गरम होतात. बोटाचे तापमान यंत्रावर पाहून ते वाढवायला शिकणे हा अर्धशिशीवरील एक जुना प्रशिक्षण-उपचारही आहे. मुठीत बोट धरले की बाहेरून ऊब मिळते आणि मन निवळत गेले की आतूनही मिळते. दोन-तीन मिनिटांनी बोटात जे ठक्-ठक् जाणवू लागते, त्याला जिन शिन जुत्सुमध्ये ऊर्जेचा प्रवाह सुरू झाल्याची खूण मानतात. शरीरशास्त्राच्या भाषेत ती बोटाच्या दोन्ही कडांनी जाणाऱ्या धमन्यांची नाडी असते, जी एरवीही चालूच असते पण ऐकायला आपण थांबलेले नसतो. ती जाणवेपर्यंत बोट सोडू नये ही सूचना कोणत्याही अर्थाने घेतली तरी उत्तम आहे, कारण तिच्यामुळे घड्याळाकडे पाहायचे राहून जाते.

तिसरी गोष्ट श्वासाची. स्थिर बसून एका जागी लक्ष दिले की श्वास लांबतो. इटलीतील वैद्यक-संशोधक लुचानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लॅटिनमधील जपमाळेची प्रार्थना आणि ‘ओं मणि पद्मे हूं’ हा मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत मंदावलेला दिसला, आणि त्या लयीत हृदयाच्या ठोक्यांचे व रक्तदाबाचे नियमन सुधारले. दहा बोटे हीसुद्धा एक जपमाळच आहे. एका बोटावर दहा-बारा संथ श्वास घेतले, तर मणी ओढल्यासारखी मोजदाद राहते आणि आकडे लक्षात ठेवावे लागत नाहीत.

संशोधनाचे बोलायचे तर जिन शिन जुत्सुवर झालेले अभ्यास थोडे आहेत, त्यांत सहभागी झालेली माणसेही थोडी आहेत, आणि त्यांच्यावरून अवयव बरे होण्याचा कोणताही दावा सिद्ध होत नाही. इंडोनेशियात शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी रुग्णांना बोटे धरून श्वास घेण्यास शिकवणे परिचारिकांच्या शिक्षणात बरेच रूढ झाले आहे, आणि त्यावर तेथे पुष्कळ लहान प्रबंध लिहिले गेले आहेत. वेदना व अस्वस्थता थोडी कमी झाल्याचे ते नोंदवतात, पण केवळ स्वस्थ बसून संथ श्वास घेणाऱ्यांपेक्षा अधिक फरक पडला का, हा कळीचा प्रश्न बहुतेक वेळा अनुत्तरितच राहतो. हात चोळण्याची बाजू काहीशी भक्कम आहे. दक्षिण कोरियात 2001 मध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णांचे हात काही मिनिटे चोळून दिले असता त्यांची घबराट कमी झाल्याचे आढळले. आणि बिंदू दाबण्याच्या एका बाबतीत चांगला पुरावा आहे: मनगटाच्या आतील घडीपासून सुमारे तीन बोटे वर, दोन कंडरांच्या (त्वचेखाली हाताला लागणाऱ्या दोऱ्यांसारख्या भागांच्या) मधोमध असलेला बिंदू, ज्याला जपानीत ‘नाइकान’ म्हणतात, तो दाबल्याने शस्त्रक्रियेनंतरची मळमळ कमी होते, असा अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या, कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्याचा निष्कर्ष आहे. ज्याची नीट परीक्षा झाली ते टिकले, हे या परंपरेच्या बाजूनेच बोलते.

मला ही पद्धत पुस्तकातून ठाऊक होती, पण ती हाताला कळली वडिलांच्या आजारपणात. शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या रात्री त्यांना झोप लागेना. डाव्या हाताला सलाईनची सुई होती, म्हणून मी स्टूल ओढून उजवीकडे बसलो आणि त्यांचा अंगठा माझ्या मुठीत घेतला. आयुष्यभर शिलाईकाम केलेला हात. मधल्या बोटाचे टोक अंगुस्तान वापरून वापरून गुळगुळीत झालेले, तर्जनीच्या कडेला कात्रीच्या कडीने पाडलेला घट्टा, आणि सगळी बोटे बर्फासारखी गार. पहिली काही मिनिटे ते बोट किंचित ताठ धरून होते, जणू मला त्रास नको म्हणून हाताचे वजन स्वतःच पेलत होते. तर्जनीवर आलो तेव्हा ते वजन माझ्या हातावर आले. मधल्या बोटावर असताना त्यांनी विचारले, “हे काय करतोयस?” मी म्हणालो, “काही नाही, नुसते धरलेय.” ते म्हणाले, “असू दे.” करंगळीपर्यंत पोहोचायच्या आत त्यांना डुलकी लागली होती. ती झोप बोटांमुळे आली की औषधामुळे, की कोणीतरी जवळ आहे यामुळे, हे वेगळे काढून दाखवता येणार नाही.

स्वतःसाठी करताना पाठ टेकून बसावे किंवा आडवे व्हावे, कोपर उशीवर किंवा मांडीवर विसावावेत आणि खांदे खाली सोडावेत. बोट धरताना पकड किती असावी, याचे उत्तर मी असे देतो की पिकलेले केळे धरावे तसे, सालीवर डाग पडणार नाही इतके. चार बोटे आणि अंगठा यांनी बोटाला मुळापासून वेढावे, नख मुठीच्या आत राहिले तर उत्तम. अंगठी सैल असेल तर काढून ठेवावी. दर बोटाला दोन ते पाच मिनिटे, म्हणजे दोन्ही हातांना मिळून साधारण वीस ते पन्नास मिनिटे लागतात; एवढी सवड नसेल तर ज्या भावनेने त्या दिवशी गाठले असेल त्या एकाच बोटाजवळ बसावे. नकाशाचा उपयोग मी एवढाच करतो, आणि तो मला पुरेसा वाटतो. रांगेत, बसमध्ये किंवा दवाखान्याच्या बाकावर ओढणीखाली, पिशवीआड कोणाच्या नकळत हे करता येते.

दुसऱ्याचे हात चोळायचे असतील तर पद्धत बदलते. शियात्सूमध्ये तेल वापरत नाहीत. हातावर पातळ सुती कापड घालून अंगठ्याच्या गादीने, टोकाने नव्हे, सरळ खाली तीन-चार सेकंद दाब देतात आणि तो दिला तितक्याच सावकाश काढून घेतात. घरी करताना मात्र चमचाभर खोबरेल तेल कोमट करून घ्यावे, आधी आपल्याच तळहातांवर चोळून त्याची ऊब पाहावी. समोरच्याचा हात उशीवर पालथा ठेवून मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत संपूर्ण तळव्याने संथ हात फिरवावा. येथे वेगाला महत्त्व आहे: केस असलेल्या त्वचेत, म्हणजे हाताच्या पाठीवर, हळुवार स्पर्शाला प्रतिसाद देणारे खास मज्जातंतू असतात आणि सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर एवढ्या संथ गतीलाच ते चांगले जागतात. आई बाळाला कुरवाळते ती गती साधारण हीच असते. मग हाताच्या पाठीवरील हाडांमधल्या चार घळींतून अंगठा मनगटाच्या दिशेने न्यावा, हात उलटा करून अंगठ्याच्या मुळाचा मांसल उंचवटा कणीक मळावी तसा मळावा (मोबाइल, सुरी, शिवणयंत्र, गाडीचा दांडा या सगळ्यांचा शीण तेथे साठलेला असतो), तळहाताच्या मध्यावर अंगठ्याने लहान वर्तुळे काढावीत, आणि शेवटी एकेक बोट मुळापासून टोकाकडे पिळल्यासारखे फिरवत न्यावे. बोटे मोडून कडकड आवाज काढायचा मोह टाळावा; समोरच्याचा सांधा कितपत ताण सोसेल हे आपल्याला कळत नाही. दुखते का, असे विचारण्यापेक्षा चेहऱ्याकडे पाहत राहावे, कारण घरातली वडीलधारी माणसे दुखले तरी नाही म्हणतात.

काही गोष्टी स्पष्ट सांगितल्याच पाहिजेत. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातील ‘गोकोकु’ हा बिंदू गरोदरपणात जोराने दाबू नये, असे खुद्द ही परंपराच सांगते. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला मालिश करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झाली असेल तर दाब आणि तेलाची उष्णता यांचा अंदाज त्या व्यक्तीवर सोपवू नये. सांधे सुजून लाल झाले असतील, अस्थिभंग किंवा ताजी जखम असेल, तर चोळू नये. नुसते धरायलाही आधी परवानगी घ्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे: नकाशात करंगळी हृदयाची आहे म्हणून छातीत दुखताना, डावा हात किंवा जबडा भरून आला असताना करंगळी धरून बसण्यात एक मिनिटही घालवू नये, 108 वर फोन करावा. त्याचप्रमाणे आठवडेच्या आठवडे मन खचलेले असेल तर तळहात धरणे हा त्यावरचा इलाज नव्हे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

हात चोळून झाले की लगेच उठू नये. चोळलेला हात आपल्या दोन्ही तळव्यांमध्ये मिनिटभर नुसता धरून ठेवावा, आणि नंतर जुन्या धुवट पंच्याने बोटांच्या बेचक्यांतले तेल नीट टिपून घ्यावे. नाहीतर थोड्या वेळाने पाण्याचा पेला किंवा काठी त्यांच्या हातून निसटते.